कैफियत

वकीलबाई म्हणाल्या, एकच शब्द पुरेल: संमती.
रंगपंचमीला, तिवंधा चौकात,
रहाडीच्या काठावर
पांढरा सदरा घालून जो उभा राहतो
त्यानं अर्धा होकार दिलेलाच असतो.
उरलेला अर्धा मी धक्क्यानं घेतला,
हे मात्र कैफियतीत आलं नाही.

समोर वादी, भालचंद्र क्षेमकल्याणी.
हात झोळीत. महिना उलटला तरी
कानाच्या पाळीमागं पिवळा.

‘नाही म्हणाला होतात?’
‘हात वर केला होता, साहेब.’
कोर्ट हसलं.
रहाडीपाशी सगळेच हात वर करतात.

मला तो हात आठवतो.
तळवा माझ्याकडं होता.
डफ इतका जवळ, की छातीतच वाजत होता,
मागून कुणी ओरडलं, दे धप्पा!
आणि मी तो हात
मला हवा तसा वाचला.
फुलांच्या उकळलेल्या पाण्याचा वास,
मग खाली दगडी पायरीचा आवाज.
तो डफाचा नव्हता.

माझी पाळी आली.
बाईंनी डोळ्यांनीच शब्दाची आठवण दिली.
शपथेसाठी मी हात वर केला,
तळवा समोर,
आणि क्षेमकल्याणी
पहिल्यांदाच
माझ्याकडं नीट बघू लागला.