अर्धा तास

गचसरच्या वळणावर उभा आहे सकाळपासून,
हातात लाल-हिरवी पाटी, अंगात नारिंगी जाकीट,
पाठीवर खात्याचं नाव, अर्धं उडालेलं.
आज नवरोजचा तेरावा दिवस.
समुद्राकडे गेलेलं सगळं तेहरान
एकाच दुपारी, एकाच रस्त्याने घरी निघालंय.

दोन वाजता हुकूम आला:
चालूसचा रस्ता एकेरी. सगळं खाली. वर काहीच नाही.
दोन्ही पट्टे उताराच्या हवाली केले,
दोन्ही तुंबले.
वर कंदवानच्या बोगद्यात कुणाचं इंजिन तापलंय,
खाली दरड. दरड कसली, चार धोंडे,
पण त्या चार धोंड्यांचं दर्शन घेतल्याशिवाय
एकही गाडी पुढे सरकत नाही.

काच खाली होते. "किती वेळ?"
"अर्धा तास."
सव्वीस वर्षं हेच सांगतोय.
एक तास म्हटलं की माणसं उतरून भांडतात,
दहा मिनिटं म्हटलं की दहा मिनिटांनी भांडतात.
अर्ध्या तासात मात्र माणूस चहा टाकतो.
बघा, त्या निळ्या गाडीवाल्याने
दोन बंपरांच्या मधे गालिचा अंथरलासुद्धा,
आणि मागच्या ट्रकवाल्याला हाक मारतोय, या, साखर आहे.
रस्ता कुणाच्या बापाला आवरत नाही.
आवरायचं असतं ते एवढंच.

मग एका जुन्या पांढऱ्या गाडीतून म्हातारा आवाज:
"बाळा, इथे सूर्य किती वाजता जातो?"
आज पहिल्यांदाच कुणी रस्त्याचं विचारलं नाही.
तूबा खानूम. मांडीवर निळ्या काठाची बशी,
बशीत अंकुरलेला गहू, वीतभर वाढलेला, लाल फीत बांधून.
"मावळायच्या आत वाहत्या पाण्यात जायला हवा.
माझे गुडघे नदीपर्यंत जात नाहीत."

आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात:
तेरा दिवस तो गहू घरातली पीडा पीत असतो,
दुसऱ्याच्या गव्हाला आज हात लावू नये.
मी हातमोज्यांकडे पाहिलं. सरकारी.
डांबर, डिझेल, मेलेली कुत्री,
ह्या घाटाची सगळी पीडा त्यांत आधीच मुरलेली.
म्हटलं, द्या.

एकाला उतरताना पाहिलं की दहा काचा खाली होतात.
एकावर एक ताटल्या, एक केकचा डबा,
एका मुलीने गाठी मारता मारता पातं तोडलं म्हणून रडणं,
आणि शेवटी एक तरुण, गाडीत एकटा,
त्याचा गहू पिवळा, वाळून कोळ झालेला.
"पाणी घालणारं कुणी नव्हतं यंदा," एवढंच म्हणाला.
तो मी सगळ्यांत वर ठेवला.

साठ फूट खाली नदी. बर्फाचं पाणी, घाईत.
एकेक सोडत गेलो.
क्षणात त्यांनी निळी गाडी मागे टाकली, ट्रक मागे टाकला,
वाळलेला तर सर्वांत पुढे, हलका ना.
खाली कराजच्या धरणाशी तेही थांबतील,
तिथे त्यांना कोण सांगणार, अर्धा तास.

वर आलो तर रांग पन्नास पावलं सरकलेली.
पांढरी गाडी वळणाआड. बशी माझ्या हातात.

तेवढ्यात माहरूचा फोन. आमचं घर बोगद्यापलीकडे,
एकेरी रस्त्याच्या उलट्या टोकाला.
"कधी येतोस?"
"अर्धा तास."
हसली. तिला त्याची लांबी पाठ आहे.
"आपला गहू मी ओढ्यात सोडला," म्हणाली,
मग जरा थांबून,
"मोजे तिथेच काढून ये."
मी तर काही बोललोच नव्हतो.

बशी कठड्यावर ठेवली, रस्त्याला दिसेल अशी,
दगडाचा टेकू देऊन.
पाठीमागे काच खाली झाली.