तिसरं बटण

गाडी खल्फानसाहेबांची, मुल्कियावर नाव त्यांचं,
पण डॅशबोर्ड वळलाय माझ्याकडे.
पडदा, घड्याळ, एसीची जाळी,
सगळं जरासं कललेलं,
पंगतीत वाढणारी नेमकी आपल्या पानापाशी थांबावी तसं.
एकोणीस वर्षांत सोहारमध्ये
माझ्याकडे असं तोंड करून
कुणी बसलं नव्हतं.

जुन्या गाडीत एकशेवीसच्या वर
नुसती टिंग टिंग व्हायची.
ती ऐकतच आम्ही बरका गाठायचो.
हिला डोळा आहे,
स्टिअरिंगमागे, चारोळीएवढा.
पापण्या मोजतो.

काल साहेबांना मस्कतच्या विमानात बसवून
रिकामा परतत होतो.
सहमच्या अलीकडे धाकटीचा निरोप वाजला,
चारी दारांतून एकदम तिचाच आवाज:
"बाबा, लायसन मिळालं.
रत्नागिरी स्टेशनावर मीच येते न्यायला.
मागे नाही बसायचं, शेजारी बसायचं."

डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.
गाडीला वाटलं झोप.
पडद्यावर कॉफीचा कप उगवला,
आणि एक बाई अरबीत म्हणाली, जरा थांबा.
थांबलो.
पंपावर करक घेतला, दीडशे बैसा.

सीटच्या आठवणीत पहिलं बटण साहेबांचं,
दुसरं त्यांच्या मुलाचं,
तिसरं माझं:
दाबलं की खुर्ची पुढे सरकते,
कंबरेखाली फुगते, आरसे खाली वाकतात.
सुट्टीवर गेलो की बिजू येईल,
आपली पाठ टेकवून
तिथंच 'सेव्ह' करील.

धाकटीच्या जुन्या गाडीत बटण नाही.
खुर्चीखालची दांडी ओढायची,
आणि सगळं अंग मागे रेटायचं.