काठीची घुंगरं

तेव्हा आमच्या गावात दोन सरकारं होती.
दिवसाचं चावडीत बसायचं,
रात्रीचं येरळेच्या पल्याड, बाभळीच्या बनात.
मधली वाळू कुणाच्या हद्दीत,
हे पुराला विचारावं लागे.

मी रात्रीच्या सरकारचा कारकून.
पन्नास पानी वही, अर्धी पेन्सिल,
पाऊल वाजलं की कंदिलाची वात खाली करायची
हेही माझ्याकडंच.
आमच्या कोर्टात हुंडा मागणाऱ्याला दंड झाला,
मापात मारणाऱ्या वाण्याला झाला,
दारूची मडकी फोडली ती मी मोजून लिहिली :
सतरा.

सटवा तराळ दोन्हीकडचा.
दिवसा मामलेदाराची वळकटी डोक्यावर,
काठीची घुंगरं वाजवत घोड्याच्या पुढं.
रात्री आमच्या चिठ्ठ्या त्याच्या मुंडाशात;
तेव्हा घुंगरांना तो चिंधी बांधायचा.
मोल दिवसाही नव्हतं, रात्रीही नव्हतं.
दिवसा त्याला वेठ म्हणत.
रात्री आम्ही त्याला देशकार्य म्हणायचो.

चैतात एकदा चिठ्ठी घेऊन तो निघालाच नाही.
काठी वाळूत रोवली, लांब उकिडवा बसला.
"माझीबी एक फिर्याद हाय," म्हणाला.
"कुणावर?"
"दोन्ही सरकारांवर."

हैबतीनं तंबाखू थुंकली.
आधी गोरा जाऊ दे, म्हणाला, मग बघू.
ही वतनाची रीत. हिला हात लावला
तर गाव फुटंल, आणि गाव फुटलं
तर आपण लपायचं कुठं?
पारिसा उठला. त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.
"मग आपण भांडतोय कशासाठी?
नुसता धनी बदलायला?"

त्या रात्री कंदिलाच्या अल्याड निम्मे, पल्याड निम्मे.
एका गावात तीन सरकारं झाली.
भाकरी मात्र एकाच फडक्यातली होती.
सटवाला ती वरून टाकली.
टाकणारा हात
पारिसाचा होता.

मी लिहिलं : फिर्याद एकेचाळीस.
निकाल पुढच्या बैठकीत.
पुढची बैठक झाली.
तीत बैलाची चोरी होती.

सटवा त्या रात्रीच गेला, बायको-पोरांसकट.
कुणी म्हणालं मिरजेच्या रेल्वेत, कुणी म्हणालं गिरणीत.
सकाळी वळकटी चावडीच्या पायरीवर तशीच,
चिठ्ठी म्हसोबाच्या दगडाखाली तशीच.
दुपारी मामलेदार ओरडला.
मध्यरात्री आम्ही ओरडलो, हलक्या आवाजात.
शब्द बरेचसे तेच होते.

काठी वाळूतच उभी होती.
चिंधी सोडून ठेवलेली.
वारा सुटला की घुंगरं वाजायची
आणि दोन्ही काठांना वाटायचं,
आलाच तो.

वही अजून आहे माझ्याकडं.
एकेचाळीसच्या खाली चार बोटं जागा सोडली होती मी,
निकालासाठी.
परवा बघितलं तर नातवानं तिथं
विमान काढलंय.