विषय क्रमांक सहा

पाच विषय पंख्याच्या दुरुस्तीतच गेले
आणि भडंगाचा पुडा फिरत फिरत
माझ्यापर्यंत आला तेव्हा तळाशी नुसता लसूण होता.

म्हटलं, वाचनालयात एक पद निर्माण करायचंय.
भूपाल चौगुले म्हणाले, कसलं?
खुल्या माहितीचं.
"मग आजवर काय कुलपात ठेवली होती व्हय?"
सगळे हसले. मीही हसलो.
घरी जाताना गंगावेशीच्या वळणावर आठवलं,
होय की. कुलपातच.

लोखंडी कपाट. किल्ली बाळकू सुताराकडे,
आणि बाळकूला निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली.
आत नगरपालिकेचे जुने अहवाल,
कोणत्या पेठेत किती विहिरी,
जकात नाक्यावरून किती गूळ गेला.
कसरीनं एका वर्षातला मधलाच शून्य खाल्लेला,
त्यामुळे त्या साली कोल्हापुरात गूळ फार कमी पिकला.
आणि सगळ्यात खाली बाळकूची स्वतःची वही:
"बंधाऱ्यावर चव्वेचाळीस फूट. आपली तिसरी पायरी.
कुंभारांच्या बोळात गुडघाभर. मांजर माळ्यावर."
दर पुराची अशी एक ओळ. कुणी सांगितलं नव्हतं लिहायला.

पद मंजूर झालं. मानधन नऊ हजार, मुदत सहा महिने.
खुर्चीचा विषय पुढच्या सभेत.
रुक्साना मुजावर बालविभागातल्या स्टुलावर बसली,
गुडघे हनुवटीला टेकवून,
आणि तिनं बाळकूला निरोप धाडला.

"गुडघाभर म्हणजे किती?"
"गुडघाभर म्हणजे गुडघाभर."
"कुणाचा?"
"माझाच की. दुसरं कोण उभारलं होतं पाण्यात?"
तिनं टेप काढली. बाळकूनं धोतर वर घेतलं.
वीस इंच.
रकान्याखाली तशी टीप आहे, हव्या त्यानं बघावी.

चौगुल्यांना मग भलताच उत्साह आला.
म्हणाले, देवघेवीची रजिस्टरंही टाका लोकांसमोर,
कळू दे गाव काय वाचतं.
रुक्साना म्हणाली, कोणतं पुस्तक किती वेळा गेलं, ते देते.
कुणाकडे गेलं, ते नाही.
"मग खुलं कसलं तुमचं?"
ती काही बोलली नाही.
मला एक बाई आठवल्या. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक
पाच मंगळवार न्यायच्या, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
सहाव्या मंगळवारी परत केलं, कव्हरासकट.
त्यांचं नाव त्या रजिस्टरात आहे. माझ्याच अक्षरात.
मी ती रजिस्टरं उचलून कपाटात ठेवली
आणि बाळकूकडून किल्ली मागून घेतली.

श्रावणात विश्वास कुंभार आले, हाताला शाडू.
गणपती कितव्या फुटाला माळ्यावर चढवायचे?
रुक्सानानं पडदा त्यांच्याकडे वळवला. बोळात पाणी बेचाळीसला.
"मग मी चाळीसलाच चढवतो."
निघाले, आणि दारातनं परत फिरले.
"ते एक साल चुकलंय बघा. गुडघा नव्हता, कंबर होती.
आमच्या बापानं मूर्ती डोक्यावर धरली होती
आणि मी त्याच्या खांद्यावर."
बाळकू कोपऱ्यात होता. जरा वेळानं म्हणाला,
"त्या दिवशी मी बोळात गेलोच नव्हतो. पायरीवरनंच लिवलं."

दुरुस्ती झाली, तारीख टाकून, दोघांच्या नावानं.
मूळ वहीत त्या ओळीवर
विश्वास कुंभारांचं बोट उमटलंय, पांढरं, वाळलेलं.
रुक्साना बराच वेळ बघत बसली,
हे कुठल्या रकान्यात घालू म्हणून.