बिनजाळाचा कढ

शिदू मोरबाळे, गुळव्या, चव्वेचाळीस हंगाम.
नदीकाठची गुऱ्हाळं एकेक थंडावली
तसा आळत्याच्या माळावर आमच्याकडं कामाला आला.
पहिल्याच दिवशी वेलीखाली वाकून म्हणाला,
"ह्या बागंचं पाणी कुणी तोडलंय?"

मीच.
इथं वीतभर मुरूम, खाली कातळ,
वर ठिबक, तीही मोजून.
मणी फुगायला नको मला.
वाटाण्याएवढा राहिला तर साल जास्त, रस कमी,
आणि रंग सगळा सालीत असतो.

ऑक्टोबरात काडीवर दोन डोळे ठेवले,
बाकीची काडी उतरवली.
पुढं हिरवे घडच कापून सरीत टाकले,
वेलीला बारा राखले, तेव्हा शिदू
दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तोडणी रात्री.
कपाळाला बॅटऱ्या बांधलेल्या बायका,
पुढं आक्काताई चौगुले.
कात्र्यांचा आवाज, कुणाचा तरी खोकला,
क्रेटमध्ये गार घड.
उजाडायच्या आत देठ वेगळे, मणी वेगळे,
साली-बियांसकट लगदा टाकीत.

तिसऱ्या दिवशी टाकी बोलायला लागली.
शिदूनं स्टीलला कान लावला.
काहिलीजवळ असाच ऐकत उभा राहायचा तो:
आधी पातळ खळखळ, मग जाड,
मग एकेक बुडबुडा सावकाश फुटायचा
आणि हा ओरडायचा, "उतरा!"

"कढ आलाय," म्हणाला. "पर जाळ कुठाय?"

जाळ नाही, मामा. साखर आतल्या आत जळते.

बराच वेळ गप्प.
"म्हंजे एवढा गोडवा
मुद्दाम घालवायचा?"

साली वर येऊन जाड थर धरतात,
दिवसातनं तीनदा खाली दाबायच्या.
मी दाखवायच्या आधीच त्याचे हात चालू.
मळी काढलेले हात ते.
मळी फेकायची असते,
ही साल परत बुडवायची,
एवढंच त्याला दोनदा सांगावं लागलं.

आप्पा माझे दिवस मावळायच्या आत जेवतात.
बागेत येतात, पानं उलटून भुरी शोधतात.
तळघराच्या दारापाशी थांबतात.
आत कधी येत नाहीत.
चपला मात्र काढतात.

लाकडी पिंपांत आता चौदावा महिना.
शिदू थेंब चिमटीत धरतो, बोटं फाकवून बघतो.
"तार न्हाई."
मग बोट जिभेला. तोंड वाकडं.
"जांभळागत धरतंय. उतरायचं कवा?"

ठरलेली वेळ नाही, मामा.

"मग वरडनार कोन?"

मी बूच त्याच्या हातात दिलं.
त्यानं ते बसवलं,
गाभण म्हशीच्या कुशीवर हात फिरवावा
तसा पिंपावर हात फिरवला,
कान लावला,
काढला नाही.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला, मला की पिंपाला, कळलं नाही.