सोपी वाट, दीड किलोमीटर

पाटीवर तीन भाषांत लिहिलंय:
सोपी वाट. दीड किलोमीटर.
खाली चालणाऱ्या माणसाचं चित्र,
त्याला गुडघेच नाहीत.

माझ्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अकरा आठवडे झाले.
फिजिओवाली म्हणाली, मॉलमध्ये फेऱ्या मारू नका,
फरशी फसवते. मातीवर चाला.
मला हसू आलं.
एकोणीस वर्षं शारजाच्या लॅबमध्ये
माती येते माझ्याकडे, नळकांड्यांतून, लेबल लावून.
मी ती भट्टीत वाळवतो, चाळतो, दाबून बघतो
आणि लिहून देतो,
हिच्यावर किती मजले उभे राहतील.
चाललो मात्र कधीच नव्हतो.

तर शुक्रवारी सकाळी अजमानच्या खोरावर.
खोर म्हणजे खाडी.
आपल्याकडे खोरं असतं ते नदीचं;
इथं नदी नाही,
शब्द तेवढा शेजारी राहायला आलाय.
आणि तिवराला इथं म्हणतात कुर्म.
मला आधी कासवच दिसलं,
पाठीवर अख्खं रान घेऊन
पाण्यात अर्धवट बसलेलं.

फळ्यांची वाट पायाखाली कुरकुरते.
दोन्हीकडे चिखलातून वर आलेली श्वासमुळं,
हजारो, बोटाएवढी,
कुणीतरी खाली पेन्सिली घेऊन बसलंय
आणि टोकं वर करून प्रश्नाची वाट बघतंय.
एक पान तोडून चाटलं. मीठ.
झाड नको ते पानावाटे बाहेर टाकतं.
आमच्या हॉस्टेलमधले लोक फोनवर
हेच करायचे, रात्री दहानंतर.

शेंड्यांवरून एक सत्तावीस मजली डोकावते.
ओळखली मी तिला.
बोअरहोल चार, खोली बावीस मीटर, करडी वाळू, शंख.
तिनं काही ओळख दाखवली नाही.

पुढे वाकून रोपं लावत होता मोफिजुल,
सातखिऱ्याचा,
चिखलात असा फिरत होता जसा कुणी स्वतःच्या स्वयंपाकघरात.
मी विचारलं, रुतत नाहीस?
म्हणाला, थांबलं की रुततं.
आधी बोटं टेकवायची, मग टाच,
आणि टाच पुरती टेकायच्या आत पुढचं पाऊल.
त्याचा बाप मधासाठी रानात जायचा,
निघताना घरात कुणी चूल पेटवायचं नाही,
कुणी केस विंचरायचे नाहीत.
आणि इथं? म्हटलं.
इथं सोपं आहे भाई,
वाघ नाही.
मग बराच वेळ रोप सरळ करत राहिला.
मधही नाही.

मी कठड्याखालून उतरलो. का, ते विचारू नका.
त्यानं हात दिला, तो कोपरापर्यंत काळा.
बोटं, टाच. बोटं, टाच.
तिसऱ्या पावलाला मी माझ्या सवयीनं थांबलो,
ही माती कुठल्या प्रतीची, ते बघायला,
आणि पोटरीपर्यंत आत गेलो.
गार. सड्या शिंपल्यांचा वास.
लांब उथळात रोहित पक्षी एका पायावर
माझ्याकडे बघत होते,
त्यांचाही एक गुडघा काम करत नसावा.

मोफिजुल हसला नाही.
ओढायचं नाही, म्हणाला, फिरवून काढायचा.
बाटलीचं बूच काढतात तसा.

भरती यायला लागली तेव्हा आम्ही फळ्यांवर बसून
त्याच्या थर्मासातला चहा प्यालो, एकाच झाकणातून.
पाणी आवाज न करता आलं
आणि मी पडलेलं भोक भरून गेलं.

शनिवारी लॅबला सुट्टी असते.
तरी जाऊन एक कोरा फॉर्म काढला, भरला,
आणि फाइलला न लावता घडी करून खिशात ठेवला.

ठिकाण: खोर.
नमुना क्रमांक: नाही.
खोली: पोटरीपर्यंत.
भारवहन क्षमता: एक माणूस, चालता असल्यास.
शेरा: डावी चप्पल परत मिळालेली नाही.