तारण

बँकेच्या पाटीवर लिहिलंय: सोने तारण कर्ज, त्वरित.
त्याच गल्लीच्या टोकाला आमचं देऊळ,
तिथल्या भिंतीवरही तोच शब्द, निळ्या रंगात.
लहानपणी मला वाटायचं,
आईच्या पाटल्या देवानेच ठेवून घेतल्यात.

आज उत्तम शुक्रवार.
नंदुरबारचं ऊन. पठारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा खकाणा
थेट देवळात येतो,
आणि सात उद्गारांच्या उपासनेत
निम्मी मंडळी खोकते, निम्मी रडते;
कोण कशाने, ते विचारू नये.
सहावा उद्गार माझ्याकडे. नऊ वर्षं झाली, मीच वाचतो.

वाचतो.
हा शब्द आमच्या भाषेने मला
दोन्ही बाजूंनी धार लावून दिलाय.

विहीर साठ फूट. पाणी तळाला गेलं म्हणून
इंजिन आत, टप्प्यावर उतरवलेलं.
ते बंद पडलं म्हणून मी उतरलो.
धूर दिसत नव्हता. दिसतो तो धूर मारत नाही.
शेवटचं आठवतं ते दगडातलं पिंपळाचं रोप,
काळ्या ओल्या फटीत, चार पानांचं.

मग सुपडू उतरला.
मिरचीची पोती घेऊन चालला होता, गाडी रस्त्यात तशीच,
बैल जुंपलेले.
माझी-त्याची ओळख तंबाखूच्या चिमटीपुरती.
दोर माझ्या काखेतून घेतला, गाठ मारली,
वर हाक दिली, ओढा.
दोर पुन्हा खाली गेला तेव्हा
धरायला कोणी नव्हतं.

सुपडू हे नाव असं पडतं:
आधीची लेकरं गेलेली असली की
नव्याला सुपात घालून शेजारणीला विकतात
पसाभर ज्वारीला,
आणि मागून आणल्यासारखं घरी आणतात.
मरणाला वाटावं, हे कोंड्यातलं, पाखडून टाकलेलं.
चाळीस वर्षं मरण फसलं.
मग एका परक्याच्या काखेत गाठ मारताना
त्याने स्वतःच आपला पत्ता सांगितला.

पाळक एलियाबाबा म्हणतात, ख्रिस्त आपल्या जागी मेला.
मंडळी माना डोलावते.
मी ‘जागी’ या शब्दाशी अडतो.
जागा मला माहीत आहे. चार फूट बाय तीन,
शेवाळलेली, इंजिनाच्या डाव्या अंगाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर गेलो.
(का, ते आमच्यातल्या कोणालाही कळेल.)
उपसा बंद होता म्हणून
पाणी दोन हात चढलं होतं.
बाकी काही नाही.

झेलाबाईला, त्याच्या बायकोला,
दर साली एक पोतं गहू देऊ लागलो.
दोनदा तिने घेतलं, बोलली नाही.
तिसऱ्या साली पोतं ओट्यावर, मी उभा,
मनात आकडे: इतकी वर्षं, इतकी पोती,
म्हणजे फिटेल.
तिने चुलीपाशी पाट ओढला.
‘‘त्यानी तुले काढं, ते काय मोजीसन काढं का?
बठ. भाकर खाय.’’

कळण्याची भाकर, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा.
भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवली,
अर्धी स्वतःच्या हातावर घेतली.
कानबाईच्या फोटोखाली बसून जेवलो.
घास उतरेना. मग उतरला.
इतक्या वर्षांच्या प्रभुभोजनांत
मला भूक लागलेली आठवत नाही.

गहू अजून नेतो. ती परतीच्या पिशवीत
बिबड्या टाकते, कधी लिंबं.
हिशोबाची वही कुठे ठेवली, सापडत नाही.

एलियाबाबांनी खूण केली.
काखेत दोराचा वण आहे, घाम आला की झोंबतो.
खिडकीतून बँकेची पाटी दिसते:
सोडवून नेल्यावर सोन्याने काय करायचं,
तिथे लिहिलेलं नाही.

चष्मा लावतो. खकाण्याने ठसका लागतो.
सगळे थांबलेत.
वाचतो.